पाणबुडी कोणाकडून घ्यावी?

झाशीहून ललितपूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे पंचवीसेक किलोमीटर गेले की बबीना लागते. बुंदेलखंडातील हे लहानसे गाव लष्कराच्या छावणीमुळे ओळखले जाते. सभोवार खडकाळ माळ, मधूनमधून पळसाची झाडे आणि त्यापलीकडे सैन्याने गोळीबाराच्या सरावासाठी राखलेले विस्तीर्ण मैदान. झाशी म्हटली की मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाई आठवते, विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आठवतो आणि किल्ल्यावरची ‘कडक बिजली’ तोफ आठवते. बबीनाच्या माळावर आज जो आवाज घुमतो तो मात्र रणगाड्यांचा. समुद्र तेथून शेकडो कोस दूर आहे. तरीही नौदलाने पाणबुडी कोणत्या देशाकडून घ्यावी, या प्रश्नाचा विचार बबीनापासून सुरू केला तर तो अधिक स्पष्ट होतो.

रणगाड्यांच्या बाबतीतही आपण प्रारंभी परदेशाच्याच दारी गेलो. ‘विजयंता’ रणगाडा ब्रिटनमधील व्हिकर्स कंपनीच्या आराखड्यावरून मद्रासजवळच्या आवडी येथे तयार होऊ लागला. त्यातील पहिला रणगाडा १९६५ साली बाहेर पडला. त्यानंतर सोव्हिएत बनावटीचे टी-७२ आले आणि पुढे रशियाकडून टी-९० आले. परंतु रणगाडा घेणाऱ्याला एक मोठे समाधान असते. नमुन्याचे दोनचार रणगाडे आणावेत, बबीनासारख्या एखाद्या मैदानावर धुळीतून, उन्हातून आणि नाल्यांतून ते पळवावेत, लक्ष्यावर गोळे सोडावेत आणि किती लागले, किती चुकले हे दुर्बिणीतून मोजावे. इंजिन तापले तर ते सर्वांसमक्ष तापते. मालात खोट निघाली तर नमुने परत पाठविता येतात, आणि खरेदीच्या टिपणावर सही करणाऱ्याला निदान डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा आधार असतो.

पाणबुडीला असे मैदान नाही. जी पाणबुडी घ्यावयाची ती करारावर सही होताना बहुधा अस्तित्वातच नसते. तिची एखादी थोरली बहीण दुसऱ्या देशाच्या नौदलात असते, पण तिच्या अंतरंगातील पुष्कळ गोष्टी त्या देशाने गुप्त ठेवलेल्या असतात. विकत घेणाऱ्यासमोर येतात ते आराखडे, आकडे आणि विक्रेत्याचा शब्द. सही झाल्यावर पाण्यात उतरणारी पहिली पाणबुडी पाहावयास सहासात वर्षे लागतात, आणि कधीकधी बारा. तोवर सही करणारे अधिकारी निवृत्त झालेले असतात, मंत्री बदललेले असतात आणि विकणाऱ्या देशाचे राजकारणही पालटलेले असते.

पाणबुडीची रचनाही अशी आहे की तिच्यातील लहानसा दोष क्षमा करीत नाही. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की दाब जवळजवळ एका वातावरणाइतका वाढतो. तीनशे मीटर खोलीवर कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे तीनशे टनांचा भार पडतो. हे कवच पोलादाच्या वर्तुळाकार पट्ट्या एकमेकींना जोडून तयार होते, आणि या जोडाला केसाएवढी चीर असली तरी ती आतल्या चाळीसपन्नास माणसांच्या जिवाशी गाठ घालते. यंत्रांचा आवाज थोडा वाढला तर शत्रूला ठावठिकाणा लागतो. डिझेलच्या इंजिनाला हवा लागते, म्हणून बॅटऱ्या भरण्यासाठी पाणबुडीला वरचेवर पृष्ठभागाजवळ येऊन हवेची नळी बाहेर काढावी लागते. तोच तिचा सर्वांत धोक्याचा काळ. आवाज, बॅटरी, कवच, शस्त्र आणि सुटे भाग ही पाच अंगे सारखीच महत्त्वाची. यांतील एक जरी दुसऱ्याच्या मर्जीवर राहिले, तरी सारी पाणबुडी त्याच्या मर्जीवर राहते.

हा अनुभव मराठी इतिहासाला अगदीच नवा नाही. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमार बांधावयास घेतले, तेव्हा १६५९ च्या सुमारास रुय लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह त्यांच्या चाकरीत होता. ही गलबते उद्या आपल्याच विरुद्ध येतील, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले, त्यांनी या कारागिरांना परत बोलाविले आणि ते काम टाकून निघून गेले. महाराजांचे आरमार त्यामुळे थांबले नाही, कारण कोकणातील सुतार आणि खलाशी त्या कामात तयार होत होते. पुढे १६७९ साली मुंबईच्या इंग्रजांच्या डोळ्यांदेखत खांदेरी बेटावर मराठ्यांनी ठाण मांडले, ते याच आरमाराच्या बळावर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि टोपीकर व्यापाऱ्यांशी कसे वागावे याविषयीही सावधगिरीचा उपदेश आहे. ही दोन प्रकरणे एकाच ग्रंथात आली, हे अर्थपूर्ण आहे.

स्वतंत्र भारताने पाणबुड्यांचा विचार सुरू केला तेव्हा साहजिकच प्रथम ब्रिटनकडे पाहिले. नौदलाची भाषा, शिस्त, जहाजे आणि शिक्षण सारे ब्रिटिश पद्धतीचे होते. पाणबुड्यांवरील आपले पहिले अधिकारीही ब्रिटनमध्येच शिकून आले. १९६४ साली पाकिस्तानच्या ताफ्यात अमेरिकेकडून मिळालेली ‘गाझी’ पाणबुडी दाखल झाली आणि या प्रश्नाला निकड आली. तेव्हा संरक्षणमंत्रिपदावर यशवंतराव चव्हाण होते. १९६४ मध्ये ते सोव्हिएत संघात गेले आणि त्यानंतर ब्रिटनलाही गेले. भारताला हवी होती ब्रिटनची ‘ओबेरॉन’ वर्गातील पाणबुडी, परंतु ब्रिटनला ती भारताला झेपतील अशा कर्जाच्या अटींवर देणे जमले नाही. सोव्हिएत संघ मात्र ‘फॉक्सट्रॉट’ वर्गातील नव्या पाणबुड्या लांब मुदतीच्या सवलतीने द्यावयास तयार होता. सप्टेंबर १९६५ मध्ये चार पाणबुड्यांचा करार झाला.

या निवडीकडे पुष्कळदा केवळ राजकीय झुकाव म्हणून पाहिले जाते. वस्तुस्थिती अशी की ज्या देशाशी वर्षानुवर्षांचा परिचय होता त्याने हात आखडला, आणि ज्याची भाषाही येत नव्हती त्याने तो पुढे केला. आपले नौसैनिक व्लादिवोस्तोकला गेले, रशियन शिकले आणि त्या भाषेतच पाणबुडीचे सारे शास्त्र त्यांनी आत्मसात केले. ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा बंदरात ‘कलवरी’ भारतीय नौदलात दाखल झाली. सुएझचा कालवा त्या वर्षीच्या युद्धामुळे बंद होता, म्हणून आफ्रिकेला वळसा घालून ती १९६८ साली विशाखापट्टणमला पोहोचली. तिच्या पाठोपाठ ‘खांदेरी’, ‘करंज’ आणि ‘कुरसुरा’ आल्या. १९७३-७४ मध्ये आणखी चार आल्या. सोव्हिएत पाणबुडीवर शिवकालीन बेटाचे नाव कोरले गेले, ही गोष्ट कोकणातील माणसाला सुखावणारी खरीच.

परंतु या सौद्याची दुसरी बाजूही होती. जहाज आपले झाले, तरी त्याचे वैद्य परगावीच राहिले. मोठ्या दुरुस्तीची वेळ आली तेव्हा काही पाणबुड्या पुन्हा सोव्हिएत गोदीत पाठवाव्या लागल्या. चालविण्याचे ज्ञान मिळाले होते. बांधण्याचे मिळाले नव्हते.

पाणबुडी काय करू शकते हे १९७१ च्या युद्धाने दोन्ही बाजूंनी दाखविले. ३ डिसेंबरच्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली. ९ डिसेंबरला दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. ‘हंगोर’ फ्रेंच बनावटीची होती. त्याच फ्रान्सने १९९४ साली पाकिस्तानशी आणखी पाणबुड्यांचा करार केला आणि २००५ साली भारताशीही केला. यात फ्रान्सला दोष देण्याचे कारण नाही, कारण विकणे हाच विक्रेत्याचा धर्म आहे. ‘हा आपला मित्र आहे’ एवढ्या एका वाक्यावर पाणबुडीची निवड होऊ शकत नाही, इतके मात्र यावरून ध्यानी यावे.

बांधणी शिकण्याचा पहिला खरा प्रयत्न १९८० नंतर झाला. अनेक देशांच्या प्रस्तावांची छाननी होऊन पश्चिम जर्मनीच्या कील येथील एचडीडब्ल्यू या गोदीशी ११ डिसेंबर १९८१ रोजी करार झाला. दोन पाणबुड्या कील येथे आणि दोन मुंबईच्या माझगाव गोदीत बांधावयाच्या, अशी त्यात योजना होती. संकटकाळी सर्व खलाशांना एकदम वर आणणारा गोलाकार सुटका-कक्ष हे या पाणबुडीचे वैशिष्ट्य. कीलला बांधलेल्या ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ १९८६ मध्ये नौदलात दाखल झाल्या. माझगावला बांधलेली ‘शाल्की’ १९९२ च्या फेब्रुवारीत आणि ‘शंकुल’ १९९४ च्या मे महिन्यात नौदलात दाखल झाल्या. ‘शाल्की’ला पायाभरणीपासून जवळजवळ आठ वर्षे लागली. पहिल्यांदा केलेल्या पुरणपोळीसारखे हे काम. वेळ लागतो, एखादी फुटते, पण हात तयार होतो. गिरणगावाला लागून असलेल्या माझगावात, जेथे पूर्वी आगबोटींची दुरुस्ती होत असे, तेथे पाणबुडीचे कवच जोडणारे कामगार उभे राहिले. हे या कराराचे खरे फळ होते.

ते फळ मात्र टिकले नाही. १९८७ च्या एप्रिलमध्ये या सौद्यात दलाली दिली गेल्याचा आरोप पुढे आला. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी चौकशीचा आदेश दिला आणि काही दिवसांतच ते मंत्रिमंडळाबाहेर पडले. केंद्रीय अन्वेषण विभागाने १९९० मध्ये गुन्हा नोंदविला. पुष्कळ वर्षांच्या तपासानंतर पुराव्याअभावी ते प्रकरण बंद झाले. आणखी दोन पाणबुड्या बांधण्याची जी योजना होती ती मात्र मध्येच विरली. आरोप झाला तर चौकशी झालीच पाहिजे. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क कोणीही सोडू नये. परंतु चौकशी आणि काम यांची गाठ अशी बांधली गेली की एक सुरू होताच दुसरे थांबले. ‘शंकुल’ १९९४ ला बाहेर पडली, आणि माझगावात पुढच्या पाणबुडीचे पोलाद कापले गेले ते २००६ च्या अखेरीस. मधल्या बारा वर्षांत दुरुस्तीची कामे होत राहिली. नवी बांधणी झाली नाही. पाणबुडीचे जोडकाम करणाऱ्या माणसाचा हात बारा वर्षे कपाटात ठेवता येत नाही. कोणी निवृत्त होतो, कोणी दुसऱ्या कारखान्यात जातो, कोणी परदेशी जातो. दलालीची रक्कम आरोपपत्रात मोजता येते; विस्कटलेल्या हातांची किंमत कोणत्याही कागदावर आलेली नाही.

याच काळात सोव्हिएत संघाकडून ‘किलो’ वर्गातील पाणबुड्याही घेतल्या जात होत्या. १९८६ ते २००० या अवधीत अशा दहा पाणबुड्या आल्या. परंतु १९९१ मध्ये विकणारा देशच नकाशावरून नाहीसा झाला. ज्या कारखान्यांतून सुटे भाग येत ते वेगवेगळ्या नव्या राष्ट्रांत विभागले गेले. एका पत्त्यावर जाणारी मागणी अनेक पत्त्यांवर जाऊ लागली आणि भाग मिळेनासे झाले. पुढे ‘सिंधुकीर्ती’ची मोठी दुरुस्ती विशाखापट्टणमला हाती घेतली, तेव्हा ती २००६ पासून २०१५ पर्यंत, नऊ वर्षे, चालली. विक्रेता प्रामाणिक असला, मित्र असला, तरी तो अमर असतोच असे नाही, हा धडा १९९१ ने दिला.

१९९९ साली सरकारने तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या बांधण्याची योजना मान्य केली. तिच्यातील पहिला मोठा करार ऑक्टोबर २००५ मध्ये फ्रान्सशी झाला. ‘स्कॉर्पीन’ वर्गातील सहा पाणबुड्या माझगावला बांधावयाच्या आणि त्यासाठी १८,७९८ कोटी रुपये खर्चावयाचे असे ठरले. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळावयाची होती. नवी ‘कलवरी’ दाखल झाली १४ डिसेंबर २०१७ रोजी. सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ ला आली. मधल्या काळात या करारानेही दोन धडे दिले. पहिला धडा शस्त्राचा. या पाणबुड्यांसाठी इटलीतील एका कंपनीचा टॉर्पेडो निवडला होता. त्याच उद्योगसमूहातील दुसऱ्या कंपनीने विकलेल्या हेलिकॉप्टरांच्या व्यवहारात दलालीचे प्रकरण निघाले आणि टॉर्पेडोची खरेदी रद्द झाली. नव्या पाणबुडीला जुन्या पाणबुडीचे शस्त्र घेऊन समुद्रात जावे लागले. दुसरा धडा गुप्ततेचा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातील एका वृत्तपत्राने या पाणबुडीविषयीची २२ हजारांहून अधिक पाने फुटल्याची बातमी दिली. आपल्या पाणबुडीचे रहस्य आपल्याच कपाटात असते असे नाही, विक्रेत्याच्या कपाटातही असते. आणि त्या कपाटाची किल्ली आपल्याकडे नसते.

अशा अनुभवांनी शहाणपण आले ते पुढच्या सहा पाणबुड्यांच्या निवडीत दिसते. या वेळी नौदलाने अट घातली की बाहेरची हवा न घेता दीर्घकाळ पाण्याखाली राहू देणारी यंत्रणा विक्रेत्याने समुद्रात चालवून सिद्ध केलेली असावी. फ्रेंच कंपनी २०२२ मध्ये या अटीमुळे माघारी फिरली. अखेर दोन प्रस्ताव उरले: माझगाव गोदी आणि जर्मनीची टीकेएमएस यांचा एक, लार्सन अँड टुब्रो आणि स्पेनची नवांतिया यांचा दुसरा. २०२४ मध्ये आपले अधिकारी प्रथम जर्मनीला आणि मग स्पेनमधील कार्ताहेनाला स्वतः जाऊन ही यंत्रणा पाहून आले. जर्मन यंत्रणा पाणबुड्यांवर चालत होती. स्पेनची तोवर समुद्रात उतरलेली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये स्पॅनिश प्रस्ताव अटींत बसत नाही म्हणून बाजूला ठेवण्यात आला आणि ऑगस्टमध्ये माझगाव गोदीशी वाटाघाटी सुरू करण्यास सरकारने अनुमती दिली. बबीनाच्या माळावर जे रणगाड्याला विचारता येते, ते पाणबुडीला विचारण्याचा हा प्रयत्न होता. परंतु त्याचाही एक तोटा आहे. अटी जितक्या कडक, तितके विक्रेते कमी. आणि शेवटी एकच उरला की भाव करण्याची ताकद त्याच्या बाजूला सरकते.

निवड चुकण्याची भीती सर्वच देशांना असते. ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये बारा पाणबुड्यांसाठी फ्रान्सची निवड केली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तो करार मोडून अमेरिका व ब्रिटन यांच्याकडे मोर्चा वळविला. मधली पाच वर्षे आणि अब्जावधी डॉलर हातचे गेले. श्रीमंत राष्ट्राला अशी चूक पचते. सर्वांनाच ती पचेल असे नाही.

मग निवडीची कसोटी कोणती? किंमत हवीच, गुणवत्ता हवीच. परंतु त्यांच्याइतकाच वजनाचा एक प्रश्न टिपणाच्या पहिल्या परिच्छेदात असावयास हवा. उद्या विक्रेत्याचे मन बदलले, त्याचे सरकार बदलले किंवा तो देशच उरला नाही, तर आपल्या हातांत काय राहील? कवचाचे पोलाद येथे ओतता येईल काय? बॅटरी येथे तयार होईल काय? मोठी दुरुस्ती नऊ वर्षांऐवजी दोनतीन वर्षांत येथेच होईल काय? या प्रश्नांची उत्तरे जो देश अधिक मोकळेपणाने देईल तो विक्रेता थोडा महाग असला तरी स्वस्त समजावा. आणि एकदा निवडल्यावर बांधणीची साखळी तुटू देऊ नये. दोषी असेल त्याला शिक्षा व्हावी, पण ती शिक्षा गोदीतल्या कामगाराच्या कौशल्याला होऊ नये.

या दृष्टीने मुंबईजवळच्या अंबरनाथकडे पाहण्यासारखे आहे. तेथील नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत हवेवाचून वीज देणारी इंधन-घटांची यंत्रणा विकसित झाली. २०२१ मध्ये जमिनीवर तिची यशस्वी चाचणी झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पाणबुडीत बसविण्याजोगा भाग बांधण्यासाठी माझगाव गोदीशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला. कीलला जाऊन जे पाहावे लागले तेच अंबरनाथलाही घडू शकते, एवढा विश्वास त्यात आहे. तो समुद्रात खरा ठरावयाचा आहे.

बबीनाच्या मैदानावर रणगाड्याचा गोळा चुकला तर धुळीचा लोट उठतो आणि चूक सर्वांना दिसते. संध्याकाळी ती नोंदवहीत लिहिली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेम धरता येतो. पाणबुडीच्या निवडीतील चूक अनेक वर्षे कोणालाच दिसत नाही. ती दिसते तेव्हा तीनशे मीटर खोलीवर काही माणसे आपला श्वास रोखून कवचाचा आवाज ऐकत असतात. करारावर सही करणाऱ्याने त्या माणसांचा आवाज आधीच ऐकलेला असला पाहिजे.